गालातली हवा

नगर, १८ डिसेंबर १९४३

आबांस,

वर मायना घातलेला नाही. साष्टांग लिहिलं तर तुम्हाला खोटं वाटेल आणि आम्हा ख्रिस्ती लोकांचा सलाम लिहिला तर पत्र चुलीत जाईल. पाकीट तिसगावच्या मास्तरांच्या नावे टाकतो आहे. मास्तर, कृपा करून वस्तीवर जाऊन हे माझ्या वडिलांना वाचून दाखवा. ते नको म्हणाले तर दाराबाहेर उभं राहून वाचा.

अकरा वर्षांपूर्वी मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा तुम्ही माझ्या नावाने आंघोळ केलीत. मेलेल्या माणसाचं पत्र ऐकायला हरकत नसावी.

तुमचा थोरला गोरक्ष इथे आहे. मी ज्या इस्पितळात जखमा बांधायचं काम करतो तिथेच, पुरुषांच्या वॉर्डात, खिडकीपासून तिसऱ्या खाटेवर. मी इथे आहे हे त्याला माहीत नव्हतं म्हणे. राहीवहिनीला होतं. तिनेच त्याला कापसाच्या लॉरीत घालून आणलं. ती आवारात तीन दगड मांडून रांधते.

तुमच्याकडे सगळ्यांना आला तोच ताप त्याला आला. पुस्तकात त्याला इन्फ्लुएन्झा म्हणतात. आई गेली त्या साली लोक मानमोडी म्हणायचे. चौथ्या दिवशी त्याचा ताप उतरला. पाचव्या दिवशी तो लग्नात सनई वाजवायला गेला. दोन दिवस वाजवलं, पहाटेची वरातही वाजवली. तिसऱ्या दिवशी ताप परत आला आणि डाव्या कुशीत सुरी फिरल्यासारखं दुखू लागलं.

असंच होतं. पहिल्या तापाने माणसं फारशी मरत नाहीत. तो छाती मोकळी करून जातो आणि मागून दुसरं काही आत शिरतं. या महिन्यात असे नऊजण आले. चारजण गेले.

लग्नाची सुपारी कोणी घेतली होती हे मी त्याला विचारलं नाही.

एलिया


२ जानेवारी १९४४

आबांस,

उत्तर आलं नाही. मी धरलंही नव्हतं.

गोळ्या दिल्या. लढाईमुळे त्या मोजक्या येतात, तरी डॉक्टरांनी दिल्या. ताप उतरला, पण पुरता नाही. संध्याकाळी चढायचा. डॉक्टरांनी पाठीवर बोटं वाजवून पाहिली. डावीकडे खाली मडकं भरलेलं असावं तसा आवाज. सुई घातली तेव्हा पू आला.

फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामध्ये पू साठला आहे. सुईने निघण्याइतका पातळ तो राहिला नाही. म्हणून परवा एका बरगडीचा दोन इंचांचा तुकडा काढून भोकातून रबरी नळी घातली. मी बशी धरून उभा होतो.

आदल्या दिवशी गोरक्षने मला विचारलं, “मानसाला बरगड्या किती असत्यात रं?”

“चोवीस.”

“मंग एकीनं काय हुतंय. घ्या म्हनावं. निवद म्हनून ठिवा तुमच्या देवाला.”

चारचौघांत तो मला ड्रेसर म्हणतो. नळी घातली त्या दिवशी दुखत होतं तेव्हा जुन्या नावाने म्हाद्या म्हणाला. दुखणं कमी झाल्यावर पुन्हा ड्रेसर.

आता काय आहे ते नीट सांगतो. मास्तर, हे हळू वाचा. पू निघाला, पण त्याने दाबलेलं फुप्फुस मुटकुळं होऊन कण्याजवळ बसलं आहे. ते आणि बरगड्या यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली. फुप्फुस फुगून ती जागा भरली तर जखम मिटेल आणि तो घरी येईल. नाही फुगलं तर जागा तशीच राहणार, तिच्यात पू होत राहणार. मग डॉक्टर फुप्फुसाची वाट पाहत नाहीत. सात-आठ बरगड्या काढतात आणि छातीच आत बसवतात. माणूस जगतो. खांदा पडतो, धावता येत नाही, ओझं उचलता येत नाही. सनई तर नाहीच.

ते होऊ नये एवढ्यासाठी आता सगळं चाललं आहे.

एलिया


२३ जानेवारी १९४४

आबांस,

आज चांगलं लिहायला आहे.

आमच्याकडे फुप्फुस फुगवायला दोन बाटल्या असतात. मोठ्या, बूच लावलेल्या, मध्ये काचेची नळी. एकीत पाणी, त्यात जांभळं औषध टाकून रंगवलेलं, लांबून दिसावं म्हणून. रोग्याने नळीत फुंकायचं. जोर लागला की एकीतलं पाणी दुसरीत जातं. मग दुसरीतून पहिलीत. छातीत जोर झाला की आतलं फुप्फुस पसरतं. दिवसातून सहा वेळा फुंकायचं आणि किती बाटल्या झाल्या ते खाटेच्या पायथ्याशी लावलेल्या तक्त्यावर लिहायचं. लिहायचं काम माझ्याकडे आहे.

शेजारच्या खाटेवर कोल्हारचे सहादेव पाटील आहेत. ऊसवाले. त्यांचंही तेच, ताप, मग छाती, मग नळी. ते फुंकतात तेव्हा लाल होतात, खोकतात, नळीतून पू सुटतो, पाणी चार बोटं चढतं आणि खाली येतं. ते शिव्या देतात. रोझीबाई, म्हणजे आमच्या वॉर्डाच्या मुख्य नर्स, त्यांना दोनदा बाहेर काढायची धमकी देऊन चुकल्या.

गोरक्षने पहिल्याच दिवशी अख्खी बाटली नेली. पाणी वर चढलं ते सरळ चढलं, कुठे थांबलं नाही, मागे आलं नाही. वॉर्ड उठून बसला.

“आयला!” पाटील म्हणाले. “तुला काय बाटलीतच जल्माला घातला व्हय रं बापानं? मी कोल्हारचा पाटील, अन् मला दोन बोटं पानी हलंना.”

“फुंकायचं काम पिढीजात लागतंय, पाटील. तुमची पिढी वरडन्यात गेली.”

पाटील इतके हसले की त्यांची नळी निसटली. मला पुन्हा बांधावी लागली.

आता रोज संध्याकाळी बाकीचे रोगी त्याच्या खाटेशी जमतात. चालता येणारे येतात, न येणारे मान वर करून बघतात. डॉक्टरांनी तक्ता पाहिला आणि गोरक्षच्या खांद्यावर हात ठेवला. इथली माणसं त्याच्याकडे अशी बघतील असं मला वाटलं नव्हतं. तुमच्या हाताखाली तयार झालेला माणूस आहे हे मी सगळ्यांना सांगतो.

दर शनिवारी आतली जागा मोजतात. त्याला कुशीवर निजवून भोकातून कोमट मिठाचं पाणी ओततात, काठोकाठ भरलं की काढून मोजतात. ८ तारखेला त्याच्यात वीस औंस मावलं. पाटलांच्यात बावीस. काल गोरक्षच्यात एकोणीस मावलं.

एलिया


२० फेब्रुवारी १९४४

आबांस,

पाटील बरे होऊन घरी गेले. बाविसाचे चौदा झाले, सात, मग दोन. नळी काढली, जखम मिटली. जाताना गोरक्षला म्हणाले, “वाजंत्र्या, माज्या नातीच्या लग्नात तूच. पर बाटली आनायची न्हाई.” मला म्हणाले, “ह्याच्याकडं बघा वं. ह्यो लई फुंकतोय अन् हितंच हाय.”

काल गोरक्षच्यात अठरा मावलं. सहा आठवड्यांत दोन औंस कमी झालं.

डॉक्टर तक्त्यापुढे बराच वेळ उभे होते. ते म्हणाले की तक्ता बघावा तर हा माणूस महिन्यापूर्वी घरी जायला हवा होता. त्यांनी मला विचारलं, “आकडे बरोबर आहेत ना?” मी म्हणालो, बरोबर आहेत. ते बरोबरच आहेत. जितक्या बाटल्या झाल्या तितक्याच मी लिहिल्या.

पाडव्यापर्यंत थांबू असं ते म्हणाले. पाडव्याच्या शनिवारी सहाच्या वर मावलं तर सात बरगड्या.

गोरक्ष वाळला आहे. नखं फुगून गोल झाली आहेत. वहिनी विचारते, “भावजी, समद्यांत जास्ती फुंकतेत ना ह्ये? मंग?” मी बशी धुवायला निघून जातो.

एलिया


२८ फेब्रुवारी १९४४

आबांस,

हे पत्र महत्त्वाचं आहे. मास्तर, आज दाराबाहेरून नको. आत बसून वाचा.

काल दुपारी माझ्या लक्षात आलं. गोरक्ष छातीने फुंकत नाही, गालाने फुंकतो.

मास्तरांसाठी लिहितो, आबांना सांगायची गरज नाही. सनईच्या ताफ्यात एकजण गाणं वाजवतो आणि दुसरा नुसता सूर धरतो. त्या दुसऱ्याने आवाज तुटू द्यायचा नसतो. छातीतला वारा संपायच्या आत गाल भरून घ्यायचे, गालातला वारा सोडता सोडता नाकाने नवा ओढायचा. गोरक्ष दोन्ही कामं करतो. मी सतरा वर्षांचा होईपर्यंत सूर धरत होतो.

नळी घातल्यापासून त्याची छाती दुखते. म्हणून त्याने छाती कामातूनच काढली. नाकाने चिमूटभर हवा घ्यायची, गालात भरायची, गालाने ढकलायची, जिभेने दार लावून ठेवायचं, पुन्हा भरायचं. असं वीस-पंचवीस वेळा केलं की बाटली होते. पाणी कुठे थांबलेलं दिसत नाही. पण त्या सगळ्यात छातीला हिसका म्हणून बसत नाही. फुप्फुस होतं तिथेच आहे. पाटील खोकत होते, लाल होत होते, पाणी मागे येत होतं, आणि त्यांचं फुप्फुस पसरत होतं.

मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “पानी हिकडनं तिकडं गेलं का न्हाई? मंग?”

मी म्हणालो, पाणी जायला नको आहे. दम लागायला हवा, खोकला यायला हवा. दम तुटू दे.

त्याने बाटली खाली ठेवली. “आबानं ज्यापायी हिरवी काठी मोडली माज्या पाठीवर, त्ये तू सोड म्हंतोस. तू तर आमचा दम तोडूनच गेल्तास म्हाद्या. मढीत, भर जत्रंत. मी गानं वाजवत हुतो अन् मागं सूरच न्हाई. आता तू शिकवनार?”

रोझीबाईंना सांगून मी त्याचे गाल धरायला लावले. बाईमाणसाने तोंडाला हात लावायचा नाही म्हणून त्याने त्यांचा हात झटकला. मी धरले तर माझ्या अंगठ्याला चावला.

त्याला हे तुम्हीच सांगू शकता. पाडव्याला चार आठवडे राहिले आहेत. या.

एलिया


७ मार्च १९४४

आबांस,

कार्ड पोचलं. मास्तरांचं अक्षर चांगलं आहे. ‘वडील म्हणतात की गोरक्षास शिकवले ते बरोबरच शिकवले आहे. ड्रेसरास त्यातले काय कळते. मढीची जत्रा तोंडावर आहे. जत्रा झाल्यावर बघू.’

मागच्या पत्रात काल दुपारी लक्षात आलं असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. पहिल्याच दिवशी, पहिल्याच बाटलीला मला कळलं. पाणी सरळ चढताना पाहिलं आणि कळलं. ड्रेसरला त्यातलं काय कळतं ते तुम्ही जाणता. दहा वर्षं माझे गाल तुमच्या बोटांखाली तयार झाले.

सात आठवडे मी बोललो नाही. दिवसातून सहा वेळा खाटेशी बसलो आणि आकडा लिहिला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आकडे बरोबर आहेत म्हणालो.

का, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. एक म्हणजे त्याला दुखत नव्हतं. जखम मीच बांधतो, ती किती दुखते मला माहीत आहे. दुसरं म्हणजे इथल्या लोकांनी त्याला वाखाणलं. या वॉर्डात अकरा वर्षं काम करतो आहे. माझे हात चांगले आहेत एवढं कोणी कोणी म्हणतं. मी कुठून आलो ते कोणी विचारत नाही, मी सांगत नाही. आणि सगळे मान वर करून बघत होते ते आपल्या घरचं होतं. तिसरं लिहिलं नाही तर वरची दोन लिहून उपयोग नाही. त्याच्या शेजारी बसून तो न तुटणारा वारा बघायला मला बरं वाटत होतं. मीही तोंड मिटून गाल भरायचो.

त्यापायी माझ्या भावाची छाती बसते आहे.

उद्या डॉक्टरांना सांगणार आहे. ते मला काढतील किंवा ठेवतील.

जत्रेच्या आधी या. लग्नाची सुपारी तुम्ही घेतली होती हे वहिनी बोलली, मी विचारलं नव्हतं. ते माझ्या मनात आहे असं समजू नका. तुमच्या मनात असेल म्हणून लिहितो. तुमच्याकडून एक झालं, माझ्याकडून एक. तुमचं निदान दोन दिवसांचं होतं.

माझं तोंड बघायचं नसेल तर मी समोर येणार नाही.

एलिया


अकोले, १९ मार्च १९४४

आबांस,

हे पत्र इस्पितळाच्या पत्त्यावर तुमच्याच नावे टाकतो. रोझीबाई, वाचून दाखवा.

मी न सांगता निघालो असं तुम्हाला वाटलं असेल. डॉक्टरांनी मला इकडच्या दवाखान्यात पाठवलं. रागावले नाहीत. ते म्हणाले, “तू खोटं लिहिलं नाहीस. पण मी आंधळा होऊन तुझा आकडा वाचत होतो.” मग हात धुवायला लागले. त्या वॉर्डात मी पुन्हा नको, एवढंच बोलले. मुदत मात्र त्यांनी ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत वाढवली. आता खरी सुरुवात होते आहे असं धरू, म्हणाले.

तुम्ही होळीच्या दिवशी आलात तेव्हा मी अजून तिथे होतो. जत्रा सोडून याल असं वाटलं नव्हतं. तुम्ही वर पाहिलं नाहीत, म्हणून मी कुठे होतो ते लिहितो. दाराशी, बशी घेऊन. तुम्हाला बसायला स्टूल ठेवलं होतं ते मी ठेवलं. ते तुम्हाला माहीत नसावं, कारण तुम्ही बसलात.

तुम्ही म्हणालात, “फुंक.”

त्याने फुंकलं. पाणी सरळ वर गेलं. तुम्ही शेवटपर्यंत पाहिलंत आणि मान हलवलीत. मला वाटलं आता शाबास म्हणताय. तुम्ही ती बाटली स्वतः रिकामी केलीत, परत भरून ठेवलीत, आणि दोन्ही तळहात त्याच्या गालांवर ठेवून दाबलेत.

“आता फुंक.”

पाणी हललं नाही. त्याचे डोळे भरले.

“आबा, दम तुटतोय.”

“तुटू दी.”

“तुमीच म्हनायचा...”

“मीच म्हंतोय. तुटू दी. फुंक.”

त्याने फुंकलं. असला आवाज मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. खोकला आला, नळीतून पू सुटला, चादर भिजली, तो ओरडला. तुम्ही हात काढले नाहीत. पाणी दोन बोटं चढलं आणि खाली आलं. समोरच्या खाटेवरचे म्हातारे म्हणाले, “अरारा, मानूस पार बिगाडला.” कोणी हसलं. तुम्ही हसणाऱ्याकडे पाहिलं नाहीत.

चादर बदलायला मी आत यायला हवं होतं. रोझीबाईंनी बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने मी निघालो.

एलिया


अकोले, २७ मार्च १९४४

आबांस,

काल इथे सगळ्या डोंगरांवर धुरळा होता. साथ इकडेही आहे. वाड्यावस्त्यांवरून माणसं झोळीत घालून आणतात. दवाखान्यात मी एकटा आणि एक दाई, केशरबाई. खाटा चार आहेत. आठ माणसं खाली निजतात.

ताप उतरला की नेतात. मी दारात आडवा उभा राहतो. चार दिवस थांबा म्हणतो. ती म्हणतात, ताप तर गेला. मी म्हणतो, म्हणूनच थांबा. अर्धे ऐकतात.

शनिवारी मोजलं असेल. दोन शनिवार झाले. तक्ता माझ्या समोर नाही, कोणी कळवत नाही. विचारायचा मला हक्क नाही, पण इथे येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर कान ठेवला की मला त्याचीच डावी बाजू ऐकू येते.

मजकूर नको. क्षमा नको, रागही नको. किती औंस मावलं तेवढा आकडा कळवा. रोझीबाईंना वेळ नसेल तर वहिनीने कोणाकडूनही लिहून घ्यावं.

एलिया


अकोले, ३ एप्रिल १९४४

आबांस,

शनिवार गेला. आज टपाल आलं, त्यात माझं काही नव्हतं.

आता एकच शनिवार राहिला. वाईट असेल म्हणून कळवत नसाल तर वाईट कळवा. मला सात बरगड्या काढल्यावरचं बांधणं येतं. तिथे चांगलं बांधणारा दुसरा नाही. डॉक्टर नको म्हणाले तरी मी येऊन बांधीन. वॉर्डाबाहेर बसून वाट पाहीन आणि बांधून जाईन.

काल केशरबाईने विचारलं, “दादा, कुनाचं पत्तर येनार हाय?” मी म्हणालो, वडिलांचं. असं म्हणायची सवय मोडली आहे. ती म्हणाली, “मंग यील की. बाप लोक उशीर करत्यात.”

एलिया


अकोले, १२ एप्रिल १९४४

आबांस,

कार्ड दुपारी मिळालं. दवाखान्याच्या ओट्यावर उभा राहून वाचलं.

पत्ता रोझीबाईंच्या अक्षरात आहे. मागे त्यांची एक ओळ: ‘यापेक्षा जास्त काही लिहायचे नाही असे ते म्हणाले, म्हणून लिहीत नाही.’ तिच्या वर आकडा. तो रोझीबाईंचा नाही. शिसपेन्सिल इतकी दाबली आहे की कार्ड मागच्या बाजूने उचललं गेलं आहे. तुम्ही खाटेच्या पायथ्याशी महिनाभर बसून तक्त्यावरचे आकडे पाहिले असणार. पाचाची शेपटी दुसऱ्या बाजूला गेली आहे, पण पाच आहे. मी कार्ड फिरवून फिरवून पाहिलं. दुसरा कुठला आकडा तसा होत नाही.

सहाच्या आत आहे. डॉक्टर बरगड्या काढणार नाहीत.

केशरबाई विचारत होती काय झालं. आत एक बाई मूल उचलून निघाली होती, ताप गेला म्हणून. मी तिला परत बसवलं. मग हे लिहायला बसलो.

तुम्हाला जास्त नको आहे, मीही जास्त लिहीत नाही. फक्त कामाचं लिहितो. बसताना कोपर गुडघ्यांवर टेकवा, म्हणजे हात अवघडत नाहीत. त्याने चिडून तोंड फिरवलं तर थांबा, पुन्हा धरा. आता दुखत नाही म्हणून तो गाल भरू लागेल, आणि पाणी सरळ चढलं की तुम्हालाही बरं वाटेल. पाच म्हणजे शून्य नव्हे. गाल सोडू नका.

एलिया